खिळ्यावरचा तळहात

१

"टेपबाई ज्या दिवशी फार हसायला लागेल ना ताई, त्या दिवशी तिच्यावर लक्ष ठेवा," असं वॉर्डातल्या मावशीनं ठमीच्या आईला सोमवारीच सांगितलं होतं.

मावशी तेव्हा खाटांखालची फरशी पुसत होती आणि ठमीची आई ठमीचे श्वास मोजत होती. झोपलेल्या लेकीचे श्वास मोजायची तिला सवयच लागली होती. मिनिटाला चोवीस भरले की बरं वाटे, सव्वीस झाले की ती पुन्हा पहिल्यापासून मोजी. त्यामुळे मावशीचं बोलणं तिनं एका कानानं ऐकलं. हसणारं माणूस बरं होतंय, यात लक्ष काय ठेवायचं?

"रडणारी इथंच राहतात," मावशी पोछा पिळत म्हणाली. "हसायला लागली की समजावं, मनाशी काहीतरी ठरलंय."

"हो हो," ठमीची आई म्हणाली. तेवीस, चोवीस.

वॉर्ड भाजलेल्यांचा होता. ठमी चार वर्षांची. टेबलावरच्या किटलीची वायर ओढून तिनं उकळतं पाणी उजव्या हातावर घेतलं होतं. कोपराखालची कातडी गेली होती आणि पुढच्या आठवड्यात मांडीची पातळ कातडी काढून तिथं बसवायची होती. शेजारच्या खाटेवर टेपबाई. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान. इस्त्रीच्या बॉयलरची नळी निसटून वाफेनं डावी पोटरी सोलवटली होती. दवाखान्याच्या ढगळ झग्यातही तिच्या गळ्यात माप घ्यायची टेप असायची, म्हणून ते नाव. ठमीची आई तिला काकू म्हणे.

बुधवारी काकू हसल्या. सकाळपासून हसल्या. कुठूनसा खाकी कागद मिळवून त्यांनी वॉर्डातल्या झाडून सगळ्यांचे तळहात पेन्सिलीनं आखून घेतले. "हातमोजे शिवते सगळ्यांना," म्हणाल्या. ठमीचा चांगला हात आखला, मग तिच्या आईचा आखला. नंतर चादरीखालून काहीतरी काढून त्या आकृतीवर ठेवलं आणि खुदकन हसल्या. काय ठेवलं ते ठमीच्या आईनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलंही असतं, पण तेवढ्यात ठमीनं पाणी मागितलं.

गुरुवारी सकाळी सातला काकूंची खाट रिकामी होती. चादरीची घडी दुकानात घालतात तशी काटेकोर घातलेली.

डॉक्टर आले, रिकाम्या खाटेकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं. उंच, तुटक बोलणारा माणूस. "उघडी जखम आहे. शनिवारी कातडी बसवली नाही तर विष भिनेल. मग पोटरीचा नाही, अख्ख्या पायाचा प्रश्न येईल. कुठे गेल्या?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तेवढ्यात ड्रेसिंगच्या खोलीतून, जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा ड्रेसिंगदादा बाहेर आला. चेहरा पांढराफटक.

"सिस्टर," तो म्हणाला, "खिळ्यावरचा मोठा तळहात कुठाय?"

२

पैसे भरायच्या खिडकीत बसणाऱ्या गृहस्थांना सगळे खिडकीवाले म्हणत. खिडकीबाहेर त्यांना कुणी पाहिलंच नव्हतं.

"पळाल्या," ते म्हणाले. "नव्वद हजारांचा कागद हातात पडला की पळतात माणसं. पाच तळहात, दर तळहाताला अठरा हजार. दर माझा नाही, राज्यानं ठरवलेला आहे. सगळ्या राज्यात हाच. पाहिजे तर भिंतीवरचा तक्ता वाचा."

ठमीच्या आईनं तक्ता वाचला. रोग्याच्या तळहाताएवढ्या जखमेला अमुक, अर्ध्या तळहाताला त्याच्या निम्मे. ठमीच्या कागदावर दोन तळहात, छत्तीस हजार लिहिले होते, ते तिला पाठ होतं. हे आकडे तिला रात्रंदिवस टोचत होते.

पण पळाल्या, हे तिच्या मनात बसेना. कारण काकूंकडे पैसे होते. मंगळवारी त्यांनी तिला उशीच्या अभ्र्याला आतून शिवलेला खिसा दाखवला होता. "काजं करायचं मशीन विकलं बघ. पाय असला तर मशीन पुन्हा येईल." ज्या बाईनं पायासाठी मशीन विकलं, ती पायाचा इलाज न करता पैसे घेऊन का निघून जाईल?

"जाताना काही म्हणाल्या का त्या?" तिनं विचारलं.

"काल दुपारी आल्या होत्या. ऑपरेशन न करता घरी गेलेल्यांचे पत्ते मागत होत्या. उशांचे अभ्रे शिवलेत, पोचवायचेत, म्हणे."

"दिलेत तुम्ही?"

खिडकीवाल्यांनी चष्मा पुसला. "अभ्रे चांगले होते हो. मलाही एक दिला. तीनच तर पत्ते. दोन महिन्यांत तिघं गेले. त्याआधी वर्षभरात एकही नव्हता गेला."

"मग हे तिघं कसे गेले?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी बोललो असं सांगू नका. पलीकडच्या रस्त्यावर ते नवं खाजगी रुग्णालय आहे ना, त्यांची गाडी रोज दुपारी आपल्या मागच्या फाटकाशी थांबते. आणि आपला ड्रेसिंगदादा रोज त्या ड्रायव्हरशी बोलत उभा असतो. आकडा फुगवायचा, माणूस घाबरवायचा, तिकडे पाठवायचा. दलाली मिळत असणार. तळहात मोजतो कोण? तोच."

३

ड्रेसिंगची खोली चिंचोळी होती. एका बाजूला पट्ट्यांचे डबे, दुसऱ्या बाजूला शेगडीवर उकळत्या पाण्याचं भांडं, भिंतीत दोन खिळे. एकावर पारदर्शक प्लॅस्टिकचा छोटासा पंजा टांगलेला होता, त्यावर शाईनं 'लहान' असं लिहिलेलं. दुसरा खिळा मोकळा.

ड्रेसिंगदादा स्टुलावर बसून हाताच्या बोटांकडे पाहत होता. पाण्यात राहून राहून ती सुरकुतली होती.

"मीच फुगवला आकडा, असं म्हणतायत ना?" तो म्हणाला. "खिडकीवाले मला ऐकू येईल असंच बोलतात."

"मला आधी मोजणी समजावून सांगा," ठमीची आई म्हणाली. "माझा एक पंजा ठेवला की ठमीची जखम झाकली जाते. मग दोन तळहात कसे?"

"तुमचा पंजा नाही चालत, ताई. ज्याची जखम, त्याचा पंजा. बोटांसकट आपला पंजा म्हणजे आपल्या अंगाचा शंभरावा भाग धरतात. ठमीचं अंग लहान, पंजाही लहान. ठमीचे दोन पंजे बसतात, म्हणून दोन."

तिनं परत वॉर्डात जाऊन ठमीचा चांगला हात जखमेच्या पट्टीवर धरून पाहिला. एक, दोन. बरोबर. इतके दिवस ती मनातल्या मनात ज्याला चोर म्हणत होती, तो हिशेब बरोबर निघाला. मग गोंधळ वाढलाच. ठमीला खरं मोजणारा माणूस काकूंना खोटं का मोजेल?

"मग साचा कशाला?" परत येऊन तिनं विचारलं.

"जखमेजवळ रोग्याचा हात न्यायचा नाही, जंतू लागतात. म्हणून मी साचे केले. मोठ्यांचा एक, लहान मुलांचा एक. केकच्या खोक्याचं झाकण कापून. मोठा माझ्या हातावरून, लहान माझ्या पुतणीच्या. थोडा फरक पडतो, पण मोठ्यांचे हात काही कोस-कोस वेगळे नसतात. साचा जखमेवर धरायचा, किती वेळा बसतो ते मोजायचं. झालं की उकळून ठेवायचा."

"आणि त्या गाडीचा ड्रायव्हर?"

ड्रेसिंगदादा प्रथमच थोडा हसला. "मेव्हणा आहे माझा. माझी बायको त्याच्याकडे माझा डबा देते. घरून निघताना मी विसरतो ना, रोज. हे खिडकीवाल्यांना सांगितलं असतं, पण ते म्हणतील डब्यातून दलाली येते."

हे खरं मानावं का? ठमीच्या आईला कळेना. खोटं बोलणारी माणसंही असंच सरळ डोळ्यांत बघून बोलतात. ती खोलीबाहेर पडली तोच मावशीनं तिला बाजूला ओढलं.

"टेपबाईची गादी उलटी करत होते," मावशी पुटपुटली आणि झग्याच्या खिशातून घडी घातलेला खाकी कागद काढला. "हे बघा काय सापडलं."

४

कागदावर काकूंचा स्वतःचा पंजा होता. पेन्सिलीनं आखलेला, कापडाच्या मापांसारखी प्रत्येक बोटाची लांबी शेजारी लिहिलेली. पंजाच्या आत, तुटक रेघांनी, दुसरा लहान पंजा काढलेला. खाली एकच ओळ होती: 'हा कुणाचा?'

ठमीची आई त्या आतल्या पंजाकडे बघत राहिली. ठमीचा म्हणावा तर फार मोठा, बाईमाणसाचा म्हणावा तर फार लहान. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा असावा तसा. वॉर्डात त्या वयाचं कुणीच नव्हतं.

ती कागद घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"तुम्ही पेशंटची आई आहात की तपासनीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन्ही. पहिली जास्त. डॉक्टर, काकूंची जखम केवढी आहे, हे तुमच्याकडे कुठं लिहिलंय का?"

"लिहीत नाही. काढून घेतो." त्यांनी कपाटातून एक मोठं पाकीट काढलं. आत पातळ कागद होते, एकेकावर वेड्यावाकड्या आकाराची रेघ आणि कोपऱ्यात खाट नंबर, तारीख. मांडीवरून किती कातडी काढायची हे कळावं म्हणून ते जखमेवर स्वच्छ कागद ठेवून तिची कड उतरवून घेत. कापड बेतण्याआधी शिंपी घेतो तसंच.

"आणि तळहात?"

"ते खिडकीचं काम. मला तळहाताशी काय करायचंय? मी कातडी मोजतो."

ठमीच्या आईनं काकूंच्या जखमेचा कागद टेबलावर पसरला. त्यावर काकूंचा खाकी पंजा ठेवला. पेन्सिलीनं खूण केली, सरकवला, पुन्हा खूण केली. कोपरे इकडचे तिकडे करून पुन्हा मोजलं.

तीन. ओढूनताणूनही तीनच. खर्चाच्या कागदावर मात्र पाच.

डॉक्टरांनी फोन उचलला. "सिस्टर, ड्रेसिंगदादाला आत पाठवा. आणि त्याच्या जागी उद्यापासून कोण येऊ शकेल ते बघा. नाही, उद्यापासून नाही, आजपासून. पोलिसांचं मी बघतो."

"थांबा," ठमीची आई म्हणाली. तिच्या आवाजानं ती स्वतःच दचकली. "एक तासभर थांबा. मला हे सगळे कागद द्या आणि खिडकीवाल्यांना सांगा, मी विचारीन ते आकडे वाचून दाखवा."

"का?"

"मला नीट कळत नाहीये. आणि कळत नसताना माणूस काढू नये."

५

संख्याशास्त्राची पदवी घेतल्यापासून तिनं तिचा उपयोग दुधाचा आणि डायपरचा हिशेब मांडण्यापलीकडे केला नव्हता. नणंद म्हणायची, "एवढं शिकलीस आणि साखर मुठीनंच टाकतेस." आज तिनं ठमीच्या चित्रकलेच्या वहीत तीन उभ्या रेघा ओढल्या. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात डॉक्टरांच्या कागदावर स्वतःचा पंजा ठेवून निघालेली जखम, तिसऱ्यात खिडकीनं लावलेले तळहात. मोठ्या माणसांचेच कागद घेतले. खिडकीवाले आकडे वाचत होते, ठमी मांडीवर बसून रेघांना पाय काढत होती.

तीन महिन्यांपूर्वीच्या कागदांवर दोन्ही आकडे जुळत होते. दोनाला दोन, चाराला चार. मग सव्वादोन महिन्यांपूर्वीपासून ते सुटायला लागले. आधी दोनाला सव्वादोन बसत असणार, पण मोजणी अर्ध्या-अर्ध्या तळहातानं, म्हणून वर ओढून अडीच लिहिले होते. पुढच्या पंधरवड्यात दोनाला अडीच, तिनाला चार. परवा तिनाला पाच.

"बघितलंत?" खिडकीवाले म्हणाले. "मुरलेला चोर. हळूहळू हात मोकळा सोडत गेला."

"चोर एवढा नेमका नसतो, काका," ती म्हणाली. "श्रीमंताला जास्त लावील, गरिबाला कमी, ओळखीच्याला सोडून देईल. इथं एकाच आठवड्यातल्या सगळ्यांना सारख्या पटीनं वाढ आहे. तुमच्या स्वतःच्या आत्याचाही कागद यात आहे, मघाशी वाचताना तुम्हीच म्हणालात ना? तिनंही दीडपट भरलेत."

खिडकीवाल्यांनी चष्मा काढला आणि परत घातलाच नाही.

सव्वादोन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? तिनं सिस्टरांना विचारलं, त्यांनी खांदे उडवले. उत्तर मावशीनं दिलं, तेही पोछा न थांबवता. "तेव्हा वॉर्डात जंतू पसरले होते, ताई. वरून हुकूम आला, जखमेला लागेल ती वस्तू उकळा. ती शेगडी तेव्हाच आली. त्याआधी दादा साचा स्पिरिटनं पुसायचा. आता दर माणसामागं उकळतो. पोर कष्टाळू आहे हो."

ठमीची आई जागच्या जागी उभी राहिली. काकूंचं एक वाक्य तिला आठवलं. ठमीच्या फ्रॉकचं कापड बोटांत चोळून त्या म्हणाल्या होत्या, "नवं कापड आधी धुवून घ्यायचं, मगच बेतायचं. नाहीतर फ्रॉक अंगात जाईल आणि पहिल्या धुण्यानंतर जाणार नाही. आटलेलं कापड हाताला जाड लागतं, लक्षात ठेव."

"डॉक्टरांना ड्रेसिंगच्या खोलीत बोलवा," ती म्हणाली. "आणि दादांनाही."

चौघं त्या चिंचोळ्या खोलीत मावेनात. तिनं खिळ्यावरचा 'लहान' साचा उतरवला, खाकी कागदावर ठेवून त्याची कड पेन्सिलीनं आखली. "हा किती वेळा उकळलात?"

"एकदाच," ड्रेसिंगदादा म्हणाला. "दोन महिन्यांत लहान मूल ठमीच आलं."

"आणि मोठा?"

त्यानं मनात मोजलं. "तीसेक वेळा. जास्तच."

तिनं 'लहान' चिमट्यात धरून उकळत्या पाण्यात सोडला. पाच मिनिटं तो उकळू दिला. ठमीनं आईच्या कमरेला मिठी घातली होती; उकळत्या पाण्याच्या आवाजाला ती अजून घाबरे. मग आईनं साचा बाहेर काढला, निववला आणि आखलेल्या रेघेवर ठेवला.

चारी बाजूंनी पेन्सिलीची रेघ बाहेर दिसत होती. फार नाही, सुतळीएवढी. दुसऱ्यांदा उकळला, रेघ आणखी दूर गेली. अंगठ्याची कड लहरली होती आणि 'लहान' हे अक्षरसुद्धा दाटीवाटीनं बसल्यासारखं दिसायला लागलं होतं.

"त्याला चटका बसला," ठमी म्हणाली. "म्हणून आखडला."

ड्रेसिंगदादानं साचा हातात घेतला, दोन बोटांत चोळला आणि उजेडाकडे धरला. "मी रोज बघत होतो," तो म्हणाला. "रोज थोडा-थोडा. म्हणून कधी दिसलंच नाही. जंतू लागू नयेत म्हणून उकळत होतो हो."

डॉक्टर साच्याकडे बघत होते. "माझ्याकडे खरं माप होतं," ते हळूच म्हणाले. "दोन महिने कपाटात."

चोर सापडला, पण तो चोर नव्हताच. ठमीच्या आईला हायसं वाटावं की राग यावा हे ठरेना. राग यायचा म्हटला तरी कुणाचा? आणि काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी साचा लहान आहे एवढंच ओळखलं होतं. त्यांच्या लेखी हे सगळं रुग्णालय सामील होतं. म्हणून तर त्या कुणाला न सांगता साचा घेऊन गेल्या.

बाहेर दुपारचे तीन वाजले होते. शनिवारला दीडच दिवस उरला होता.

६

शुक्रवारी ठमीच्या बाबानं सुट्टी घेतली. "श्वास मोजायचे का मी पण?" त्यानं विचारलं.

"मिनिटाला चोवीस. सव्वीस झाले की सिस्टरांना सांग."

"सत्तावीस झाले तर?"

"तर मला फोन कर, आणि विनोद नको."

तीन पत्ते तिच्या मुठीत होते. पहिला पावाच्या भट्टीवर काम करणाऱ्याचा. भट्टीमागच्या खोलीत तो दंडाला पट्टी बांधून बसला होता, पट्टीला वास येत होता. हो, काल सकाळी एक बाई आली होती. गळ्यात टेप. तिनं पंजा आखून घेतला, प्लॅस्टिकचा एक तुकडा त्यावर ठेवून दाखवला आणि सांगितलं की तुला फसवलंय, दोनाचे तीन लावलेत, पैसे कमी लागतील, परत जा. "मला वाटलं डोक्यानं कमी आहे," तो म्हणाला. "लंगडत होती. पण अभ्रा देऊन गेली."

"ती शहाणी आहे. आजच जा," ठमीची आई म्हणाली. "डॉक्टर वाट बघतायत. मी उभी राहते, तुम्ही शर्ट घाला."

दुसरा पत्ता दुधाच्या डेअरीतल्या बाईचा. तिचंही तेच, काल दुपारी येऊन गेली. फक्त तिनं काकूंना पाणी दिलं होतं, कारण काकूंचं अंग तापलं होतं. "मी म्हटलं, रात्री इथंच निजा. निजल्या. पहाटे उठून म्हणतात, अजून एक राहिलाय."

तिसरा पत्ता एका पहारेकऱ्याचा. कागदावर एवढंच होतं: पाण्याच्या टाकीमागे. घर नंबर नाही, गल्ली नाही. टाकीमागे तर सात गल्ल्या होत्या.

ठमीची आई पहिल्या गल्लीतून आत शिरली, चौथीतून बाहेर आली. दारोदार विचारलं. टेपवाली बाई सगळ्यांनी पाहिली होती, पहारेकरी कुणालाच माहीत नव्हता. पाचव्या गल्लीच्या तोंडाशी, बंद दुकानाच्या पायरीवर, काकू बसल्या होत्या. डावा पाय पुढं लांब केलेला, पट्टी ओली. गळ्यात टेप होतीच. मांडीवर वही आणि तिच्यात जपून ठेवलेला तो मोठा तळहात.

"आलीस," त्या म्हणाल्या. जणू दुकानात कपडे न्यायला आली होती.

"काकू, मला सांगून का नाही गेलात?"

"सांगणार होते. तुझा हात आखला, त्यावर हा ठेवला, तुझी सगळी बोटं बाहेर. हसू आलं मला. वर बघितलं तर तू लेकीकडे बघत होतीस. म्हटलं, हिच्या डोक्याला आणखी घोर नको." त्यांनी ओठ ओले केले. "चोर सापडला?"

"चोर नाहीये काकू. आटलाय तो. रोज उकळून उकळून."

काकूंनी साचा उचलला, अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग रागावला, मग काय झाला ते सांगता येणार नाही.

"जाड लागतोय," त्या म्हणाल्या. "उभा जन्म गिऱ्हाइकांना सांगत आले, धुतल्याशिवाय बेतू नका. आणि हातात धरून कळलं नाही मला. मी चोर शोधत फिरले."

"चला आता. रिक्षा उभी आहे."

"आणि तो पहारेकरी?"

"काकू, तुमचा पाय."

"तो एकटा राहतो गं. माझ्या समोरच्या खाटेवर होता. त्याचा चार तळहातांचा कागद आला तेव्हा तो काय म्हणाला माहितीय? म्हणाला, मी असा काय मोठा माणूस, मला एवढी कातडी कशाला." त्या उठायला गेल्या आणि पुन्हा बसल्या. "दिवसभर हसत होता. दुसऱ्या दिवशी गेला."

ठमीच्या आईनं त्यांना काखेत हात घालून उठवलं. अंग तव्यासारखं तापलं होतं. रिक्षात बसल्यावरही काकू मान वळवून गल्ल्यांकडे बघत होत्या.

७

शनिवारी काकूंच्या पोटरीवर कातडी बसली. तीन तळहात, चोपन्न हजार. ताप उतरायला चार दिवस लागले, पण पाय राहिला. भट्टीवाला आला, डेअरीतली बाई आली. ज्यांनी जास्त भरले होते त्यांना खिडकीवाल्यांनी एकेकाला फोन केले आणि आत्याला सगळ्यांत शेवटी. ड्रेसिंगदादा अजून त्याच खोलीत आहे. आता भिंतीवर खिळे नाहीत. डॉक्टरांचा कागद आणि रोग्याचा आखलेला पंजा, दोन्ही एकत्र खिडकीपाशी जातात. काकूंनी त्याला सांगून ठेवलंय, आधी धुवायचं, मग बेतायचं. तो कान पकडतो.

ठमीचा हात भरत आलाय. कातडी थोडी खेचते, म्हणून रोज तेल लावून बोटं सरळ करावी लागतात. तिची आई श्वास आता दिवसातून दोनदाच मोजते.

तिला एक गोष्ट मात्र अजून समजत नाही. वॉर्डात सगळे चांगलेच वागत होते. एक जण जंतू मारत होता, एक कातडी मोजत होता, एक राज्याचा दर लावत होता. मग समोरच्या खाटेवरचा माणूस पायाची जखम उघडी ठेवून घरी कसा गेला? आणि मावशीनं सांगितलेलं तिनं का ऐकलं नाही?

पहारेकरी सापडलेला नाही. ती आणि काकू दर रविवारी टाकीमागे जातात. दोन गल्ल्या राहिल्यात आणि कदाचित त्यानं जागाही बदलली असेल. म्हणून हे तुम्हाला सांगायचं. वय साठीच्या आसपास, बारीक अंगाचा, उजव्या पायाला घोट्यापासून वर पट्टी, सैल पँट घालतो म्हणजे पट्टी दिसत नाही. एकटा राहतो. तुमच्या इमारतीच्या फाटकाशी असेल, दुकानाबाहेर असेल, जिन्याखालच्या खोलीत असेल. त्याला सांगा, चार नव्हते, अडीचच होते, आणि डॉक्टर वाट बघतायत.

तुम्ही विचारलंत तर तो म्हणेल, बरं आहे, आणि हसेल. हसला तर माघारी वळू नका. तिथंच थांबा आणि त्याला पँट गुडघ्यापर्यंत वर करायला सांगा.